पक्ष नको, माणूस पाहा

हे चार शब्द माझे. गुरुजींच्या ओसरीवर बसून, बरंच खोडून मी ते कागदावर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी ते गावातल्या भिंतींवर गेरूनं रंगवले. मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्यामुळे अर्ज असो की लग्नाची पत्रिका, लिहिण्याचं काम माझ्याकडे येई, आणि आपल्याला शब्द कळतात असा समज मीही करून घेतला होता. भाद्रपदाच्या त्या पंधरवड्यात तो पार गेला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव यवतमाळहून एस.टी.नं तासाभरावर. कापसाचा बाजार, सरकी काढणारे दोन जिनिंग कारखाने, एक हायस्कूल आणि एक नगरपालिका. नगरपालिकेला सगळे कमेटीच म्हणत; जुन्या मध्यप्रांतातलं नाव लोकांच्या जिभेवरून गेलं नव्हतं. आणि कमेटी म्हणजे भाऊ. ते कधी अध्यक्ष असत, कधी नसत, त्यानं काही बिघडत नसे. दिवा कुठल्या गल्लीत लागायचा, नळ कुणाच्या दारासमोर बसायचा, झाडूवाल्यापासून शिपायापर्यंत कुणाला कामावर घ्यायचं, हे भाऊंच्या बैठकीत ठरे. अर्ज मागाहून लिहिला जाई. भाऊ कुणाला टाकून बोलत नसत. कुणाच्या घरी माणूस गेलं तर खांदा द्यायला ते सगळ्यांआधी हजर. मतदानाच्या दिवशी मात्र त्यांची माणसं दारोदार जात आणि एवढंच म्हणत, "भाऊनं आठवण केली." तेवढं पुरत असे.

माझे बाबा जकात नाक्यावर होते. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बांबू आडवा बांधलेला असे. कापसाची गाडी आली की ती थांबवायची, कारकुनानं पावती फाडली की बांबू वर करायचा. हे काम त्यांना भाऊंनी दिलं होतं, मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, आणि तेव्हापासून ते हंगामीच होते. पावसाळा लागला की घरी बसायचं, पोळा झाला, मुगाच्या गाड्या येऊ लागल्या की पुन्हा भाऊंच्या बैठकीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. कायम शिपायाला कमेटीकडून चामड्याचा पट्टा मिळे आणि त्यावर पितळी बिल्ला. बाबांचा खाकी कोट त्यांनी स्वतःच शिवून घेतलेला. त्यावर पट्टा नव्हता. नवीन गाडीवान कधीकधी म्हणत, "तू कोण रे अडवनारा? बिल्ला कुठं हाये?" बाबा ही गोष्ट घरी हसून सांगत, पण वारंवार सांगत.

"या निवडणुकीनंतर तुले कायम करतो," असं भाऊंनी मागच्या निवडणुकीत सांगितलं होतं. या वेळीही सांगितलं. बाबांनी या वेळी त्यावर मागच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला, कारण आता मी कॉलेजात होतो. आपण कायम झालो तर पोराचं शिक्षण अर्ध्यात सुटणार नाही, हे त्यांचं गणित होतं. आणि ते चुकीचं नव्हतं.

गुरुजींनी आम्हाला हायस्कुलात इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावर ते स्वस्थ बसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कमेटीचं मनावर घेतलं. "नळाला कुठला पक्ष असतो?" ते आम्हाला विचारत. "गटाराला असतो का? मग नगरपालिकेत पक्षाची तिकिटं कशाला?" भाऊ एका मोठ्या पक्षाच्या तिकिटावर उभे राहत आणि आपल्या दहा-बारा माणसांना तीच तिकिटं वाटत. गुरुजींचं म्हणणं असं, की तिकीट गेलं की भाऊंचा जोर गेला. म्हणून सगळे उमेदवार अपक्ष असावेत. दुसरं म्हणणं, नोकऱ्या जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन द्याव्यात. कुणाच्या शब्दावर नाही. मी हे ऐकत बसे आणि माझ्या अंगावर काटा येई. पुस्तकात वाचलेलं काहीतरी आपल्या गावात घडणार होतं, आणि घडवणाऱ्यांत मी होतो.

निवडणूक दिवाळीनंतर होती. बाकीचे उमेदवार घटस्थापनेची वाट पाहत होते, कारण पितृपक्षात शुभ काम कुणी सुरू करत नाही. गुरुजी म्हणाले, "पंधरा दिवस फुकट का घालवायचे? आपण आताच सुरुवात करू." मला ते फार पटलं. शनिवारी एस.टी.नं आलो, रविवारी आम्ही भिंती रंगवल्या.

सोमवारी सकाळी मी पहिल्या गाडीनं यवतमाळला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी आमच्या शेजारची म्हातारी उभी. तिच्या नातीनं तिला भिंतीवरचं वाचून दाखवलं होतं.

"काहून रे पोट्ट्या," ती म्हणाली, "तुम्ही पक्ष नाही मानत?"

"नाही आजी. आता पक्ष नकोच."

"बापाले घास नाही घालत? आज्याले नाही घालत?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पितृपक्षातल्या श्राद्धालाही पक्षच म्हणतात. आज अमक्याच्या घरी पक्ष आहे, उद्या तमक्याच्या. आणि त्याच पंधरवड्यात मी गावभर लाल अक्षरात लिहून ठेवलं होतं, पक्ष नको.

"आजी, तो पक्ष वेगळा. हा राजकारणातला पक्ष."

"पक्ष म्हणजे पक्ष. तुम्ही लिहून ठेवलं ना, नको म्हणून?"

"पण आजी..."

"जा बाप्पा, तुही गाडी जाईन." आणि ती जाताजाता स्वतःशीच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "कॉलेज शिकून राह्यला म्हणते."

पुढच्या शनिवारी आलो तर प्रत्येक भिंतीवर माझ्या चार शब्दांशेजारी कोळशानं एक कावळा काढलेला होता. काही ठिकाणी कावळ्याच्या चोचीपाशी लिहिलं होतं, 'मग मी काय खाऊ?' गुरुजी रस्त्यानं निघाले की पोरं ओसरीआडून काव काव करत. आम्हाला लोक कावळे पार्टी म्हणू लागले. ज्यांना पार्टी नको होती त्यांची आठ दिवसांत पार्टी झाली आणि तिला नावही मिळालं.

आम्ही गेरू घेऊन पुन्हा निघालो आणि 'पक्ष'च्या डोक्यावर बारीक अक्षरात 'राजकीय' असं घुसवलं. आधीचा गेरू वाळून फिका झाला होता, नवीन गडद होता, त्यामुळे लांबून फक्त 'राजकीय' दिसे. सकाळ होईपर्यंत कुणीतरी त्यापुढे 'कावळा' लिहिलं.

मला चीड येई ती याची, की लोकांना खरंच कळत नव्हतं असं नव्हतं. म्हातारीचं सोडा. बाजारातला प्रत्येक माणूस दोन पक्षांतला फरक जाणत होता. त्यांना तो विनोद आवडला होता, एवढंच. युक्तिवाद असता तर मी उत्तर दिलं असतं. कॉलेजच्या वादसभेत मी घाबरत का होईना पण बोललो होतो. कावळ्याच्या चित्राला काय उत्तर देणार? आणि हा विनोद भाऊंच्या बैठकीतून निघाला होता हे सगळ्यांना माहीत असून कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

याच सुमारास मी गुरुजींना एक प्रश्न विचारला. तो बरेच दिवस मनात होता, पण विचारणं जमत नव्हतं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो.

"गुरुजी, परीक्षा घेऊन नोकऱ्या द्यायच्या म्हणता. पण जे आधीपासून कामावर आहेत, त्यांचं काय?"

"तेही परीक्षा देतील."

"ज्यांचं शिक्षण कमी आहे ते?"

गुरुजींना माझा प्रश्न कुणाविषयी आहे हे कळलं. बाबा तिसरीतून शाळा सोडलेले. सही करत, पावती वाचत, त्यापलीकडे नाही. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"नियम करायचा तर तो आपल्या माणसापासून सुरू करावा लागतो," ते म्हणाले. "नाहीतर भाऊंच्यात आणि आपल्यात फरक काय उरला?"

मी मान हलवली. उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर ऐकून इतकं वाईट वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "चहा घेतोस?" असं त्यांनी विचारलं आणि मी नको म्हणून उठलो.

आमच्या आजोबांची तिथी सप्तमीची. आमच्याकडे तिथीला बाहेरच्या एका माणसाला जेवायला सांगतात. तो त्या दिवसापुरता गेलेल्या माणसाच्या जागी बसतो. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, वडे, कढी, खीर असं पोटभर जेवू घालतात. त्या माणसालाच त्या दिवशी पितर म्हणतात. बाबा नाक्यावर लागले तेव्हापासून आमच्या घरचे पितर भाऊ होते. आमच्याच नव्हे, अर्ध्या गावाचे. पंधरवडाभर ते रोज दोन-तीन घरी पाटावर बसत, प्रत्येक ठिकाणी चार घास खात, कढीची तारीफ करत आणि उठत. कुणाचा आजा, कुणाचा बाप, कुणाचा काका होऊन ते गाव फिरत. निवडणुकीचा प्रचार त्यांना वेगळा करावाच लागत नसे.

सप्तमी नेमकी त्याच रविवारी आली. आदल्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "बाबा, यंदा गुरुजींना सांगू या ना पितर म्हणून."

बाबा खाटेवर बसून कोटाची गुंडी लावत होते. "नाका कोणी देल्ला? गुरुजीनं?"

"नाही. पण..."

"भाऊले मी सांगून आलो."

मायनं चुलीपासून मध्येच म्हटलं, "तुह्या गुरुजीले तं पक्ष नको हाये ना? भितीवर लिवलं तुम्ही." आणि तोंडाला पदर लावून हसली. घरात सुद्धा कावळा पोचला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी उगीचच. आल्याआल्या मायला म्हणाले, "काय मग बाई, कढी झाली का? सकाळपासून दोन आजे अन् एक मामा होऊन आलो, पण खरी भूक तुह्या कढीसाठी राखून ठेवली." मायला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी दाबलं.

पाय धुवायचा मान घरच्या मुलाचा, म्हणजे बाबांचा. बाबांनी परात ठेवली, तांब्या भरला आणि तेवढ्यात नाक्यावरून निरोप आला की गाडीवानांचा तंटा झाला आहे, कारकून बोलावतो. दुपारी उन्हात नाक्यावर हंगामी शिपाईच उभा असायचा, त्याला सणाची सुटी नसे. बाबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "जा ना. काम पहिले. बापू हाये ना, तो धुईन." आणि माझ्याकडे बघत त्यांनी धोतर पिंढरीपर्यंत वर घेतलं.

बाबा जाताना माझ्याकडे बघून गेले. तांब्या माझ्या हातात आला होता.

मी पाणी घातलं. भाऊंचे पाय रुंद, टाचा भेगाळलेल्या. ते मूळचे वावरातलेच होते. मी खाली बघून पाणी घालत होतो आणि ते वरून बोलत होते.

"बापू, तुमचं भितीवरचं मी वाचलं. खरं सांगू? मले पटलं."

मी वर पाहिलं.

"होय ना. कमेटीत पक्ष कायले पाह्यजे? वरचे लोक यवतमाळात बसून सांगून राह्यले, याले तिकीट द्या, त्याले नका देऊ. त्याहिले काय माहीत आपल्या गल्लीतलं? अन् तिकीट घेतलं की तक्रारी. जरासं काही केलं की कोणीतरी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन चुगली करते, मग भाऊ उत्तर द्या, भाऊ हजर व्हा." त्यांनी दुसरा पाय परातीत ठेवला. "मी तिकीट नको म्हणून कळवलं. आता मीबी अपक्ष. माही सारी माणसंबी अपक्ष."

माझ्या हातातला तांब्या तसाच थांबला.

"घाल ना पाणी," भाऊ म्हणाले. "पण हा पक्ष मी सोडत नाही बरं. हा जेवलो नाही तं मले मत कोण देईन?" आणि ते खदखदा हसले. मायही आतून हसली.

मी त्यांना गंध लावलं. ते जेवले. उठताना मायला म्हणाले, "या खेपेले कायम. शब्द हाये माहा." मी ताट उचलत होतो, ते त्यांनी मलाही ऐकवलं.

संध्याकाळी मी गुरुजींकडे धावत गेलो आणि भाऊंनी तिकीट सोडल्याचं सांगितलं. गुरुजींना आनंद झाला. खरोखर झाला. "बघ," ते म्हणाले, "आपलं म्हणणं त्यांना मान्य करावं लागलं." मला काहीतरी चुकतं आहे असं वाटत होतं, पण काय ते शब्दांत धरता येईना. आपणच मागितलेली गोष्ट मिळाली, मग तक्रार कशाची करायची? आजही मला नेमकं सांगता येईल की नाही, शंका आहे. एवढंच म्हणतो की तिकीट भाऊंच्या हातातली काठी आहे असं आम्हाला वाटत होतं. ती त्यांच्या गळ्यातली दोरी होती, आणि आम्ही ती सोडवून दिली.

निवडणूक झाली. पंचवीस-तीस वेगवेगळी चिन्हं होती, पक्षाचं एकही नव्हतं. प्रचारात कुणाला काही प्रश्न विचारायचा तर कशाच्या आधारावर विचारणार? प्रत्येक जण म्हणे, मी अपक्ष, मी तुमचा माणूस. आमच्याच शब्दांचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांनी उचलला होता, माणूस पाहा. माणूस म्हटला की लोकांना भाऊच दिसत. मतदानाच्या दिवशी त्यांची माणसं दारोदार गेली. "भाऊनं आठवण केली."

गुरुजी मात्र शेजारच्या वॉर्डातून थोडक्या मतांनी निवडून आले. तिथं त्यांचे बरेच विद्यार्थी राहत. आम्ही गुलाल उधळला. पोरांनी काव काव केलं आणि त्या दिवशी आम्हीही केलं. एवढा एकच दिवस मला कावळा आवडला.

निवडून आलेले बहुतेक अपक्ष एकेक करून भाऊंच्या बैठकीत गेले आणि भाऊ अध्यक्ष झाले.

पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा आटोपून मी घरी होतो तेव्हा, गुरुजींनी नोकरभरतीचा ठराव मांडला. कमेटीच्या सभागृहात मागे एक लांब बाक असे, त्यावर कुणीही जाऊन बसू शकत असे. बसत कुणीच नसे. मी बसलो. ठरावात असं होतं की शिपायाच्या जागी यापुढे निदान चौथी पास माणूस घ्यावा, आधीचे हंगामी लोकही त्यात बसत नसतील तर त्यांना कमी करावं. गुरुजींनी तो उभं राहून, शाळेत वाचत तसा स्वच्छ वाचला. मी बाकाची कड धरून ऐकत होतो. ठरावाची भाषा मी पाहून दिली होती. 'कमी करावे' हे शब्द गुरुजींचे होते, पण 'निदान'ची चुकलेली वेलांटी मीच दुरुस्त केली होती.

कुणीतरी विरोध करेल असं मला वाटलं. भाऊ म्हणाले, "चांगला ठराव हाये. माहा पाठिंबा." आणि मग, जणू आत्ता आठवलं, "फक्त शेवटी एक ओळ टाका. विशेष बाब म्हणून अध्यक्षाच्या शिफारशीनं सूट देता येईल."

गुरुजी उठले. "अध्यक्षमहाराज, त्या ओळीनं ठरावाचा अर्थच जातो."

"गुरुजी, कोनाच्या पोटावर पाय पडू नये म्हणून म्हटलं."

हात वर झाले. ओळ टाकली गेली. त्या दिवसापर्यंत हंगामी माणसाला भाऊंच्या शब्दाची गरज वर्षातून एकदा पडे. आता नियम झाला आणि त्या नियमातून सुटायला भाऊंशिवाय दार राहिलं नाही.

बाबा महिनाभर नीट जेवले नाहीत. मला उलटं बोलले असते तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाले, "चौथी पास म्हणजे, तिसरीच्या पुढं एकच वर्ष ना?" मी हो म्हटलं. "मग तेवढं एक वर्ष सोडून द्याले पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि नाक्यावर गेले.

सूट देण्याचा विषय त्यापुढच्या सभेत आला. मी पुन्हा मागच्या बाकावर. बाबांचं नाव वाचलं गेलं, आणखी काहींची वाचली गेली. भाऊंनी शिफारस केली होती, शिवाय सगळ्यांना कायम करण्याची. मतं घेतली तेव्हा बाजूनं हात वर झाले. "विरोधात?" भाऊंनी विचारलं आणि गुरुजींचा हात वर झाला. एकच हात.

भाऊ मागे रेलून म्हणाले, "गुरुजी, पाह्यलं ना नीट? यात तुमच्याच कावळ्याचा बाप हाये."

सभागृह हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान वळवून बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. हात खाली घेतला नाही. भाऊंनी "ठराव मंजूर" म्हणेपर्यंत तो तसाच वर होता.

मला त्यांचा राग आला आणि तो राग कुठे ठेवावा कळेना. त्यांनी जे करीन म्हटलं होतं तेच केलं होतं. भाऊंचे उपकार झाले आणि ते घ्यायलाही मन होईना, कारण दार बंद करणारे आणि उघडणारे तेच होते. सभागृहातून मी बाहेर आलो तर समोरच्या भिंतीवर माझे शब्द होते, पावसानं धुऊन फिके झालेले, आणि कावळा मात्र कुणीतरी पुन्हा गिरवून ठळक केलेला.

बाबांना पट्टा मिळाला. त्यांनी बिल्ला चिंचेनं घासून सोन्यासारखा केला आणि कोट घालून मायसमोर उभे राहिले. माय म्हणाली, "आता कोन म्हनते बिल्ला कुठं हाये म्हणून?" बाबा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मी पेढा खाल्ला. तो गोडच लागला, हेही सांगायला हवं.

भाद्रपद आला. सप्तमीच्या दोन दिवस आधी बाबांनी मला बोलावलं. बिल्ल्यामुळे त्यांना थोडं औदार्य आलं होतं. "यंदा तुह्या गुरुजीलेबी सांग जेवाले," ते म्हणाले. "त्याहीनं हात वर केला म्हणून मी मनात नाही ठेवलं. दोघंही बसू दे पाटावर. भाऊ तं येतेच."

मला इतका आनंद झाला की मी तसाच गुरुजींकडे गेलो. वाटेत मी मनात ठरवलंही, की मी आधी गुरुजींचे पाय धुईन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या वडिलांचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार सांग. पण आता ते नगरपालिकेचे कायम नोकर आहेत. सभासदानं नोकराच्या घरी जेवणं बरं नव्हे."

"गुरुजी, पक्षाचं जेवण आहे. आजोबांचं."

"मला माहीत आहे रे," ते म्हणाले. "पण भाऊ जेवतात म्हणूनच तर मला जेवता येत नाही."

मी घरी येऊन सांगितलं, गुरुजींची तब्येत बरी नाही. बाबांनी धुऊन काढलेला दुसरा पाट पुन्हा उचलून भिंतीला लावला.

भाऊ आले. काठी कोपऱ्यात ठेवली, कढीचा वास घेतला, मायला हाक मारली. बाबा घरातच होते, कायम शिपायाला आता तिथीची सुटी होती. त्यांनी परात मांडली आणि पाय धुवायला वाकले. भाऊ म्हणाले, "तू राहू दे ना. बापू धुईन. मागच्या वर्षी त्यानं लय चांगले धुतले."

बाबांनी हसून तांब्या माझ्याकडे दिला. छपरावर कावळे जमले होते, घासासाठी ओरडत होते. भाऊंनी वर पाहिलं आणि मला डोळा मारला.

मी पाणी घातलं.